समंध, समन्स आणि माझं पहिलं डंजन

परवा छापखान्यातून तीस पुस्तिकांचा गठ्ठा आणला. चोवीस पानं, मधे दोन पिना, मुखपृष्ठावर बर्फातलं टेकाड. सुरुवात केली तेव्हा वाटलं होतं, दोन महिन्यांचं काम आहे. नऊ महिने लागले आणि त्यात दोनदा अख्खी फाइल उडवायला निघाले होते. कुणाला स्वतःचं डंजन लिहून बाहेर काढायचं असेल, तर माझ्या चुका तरी त्याच्या कामी येवोत, म्हणून हे सविस्तर.

ज्यांना हा प्रकारच माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. आम्ही पाच जण चार वर्षं दर दुसऱ्या शनिवारी आमच्या पुण्यातल्या घरी डी अँड डी, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स, खेळतो. एक जण डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा. बाकीचे एकेक पात्र घेऊन त्या गोष्टीत शिरतात, काय करायचं ते तोंडाने सांगतात आणि ते जमलं की फसलं हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. डंजन म्हणजे त्यांना शिरायला दिलेली धोक्याची जागा: भुयार, थडगं, पडका वाडा, काहीही. आमची डीएम मी. खेळ मराठीत, भांडणं मराठीत, फक्त ‘इनिशिएटिव्ह टाक’ (लढाईत पाळी ठरवणारा फासा) एवढं इंग्रजीत.

नोव्हेंबर २०२४ मध्ये ठरवलं की दुसऱ्यांची डंजन्स चालवून झाली, आता आपलं लिहायचं, तेही वायकिंगांचं. पहिल्या खर्ड्यात तेवीस खोल्या होत्या. हिमराक्षस, लांडगे, विश्ववृक्षाची मुळं, ती कुरतडणारा नीधोग नाग, नऊ जगांची नऊ दारं आणि सगळ्यांच्या डोक्यावर शिंगांची शिरस्त्राणं. ती शिंगं सर्वात आधी गेली. वायकिंग असली शिरस्त्राणं घालत नसत. ती डोक्यात बसली १८७६ सालच्या बायरॉइटच्या ऑपेरातल्या वेशभूषेमुळे. शिंगं काढल्यावर बाकीच्याकडेही संशयाने बघायला लागले आणि डिसेंबर उजाडेपर्यंत तेवीसातली एकही खोली शिल्लक राहिली नाही.

मग वायकिंगांच्या मूळ गाथा, म्हणजे सागा, वाचायला बसले. इथे एक उपयोगाची गोष्ट: एकोणिसाव्या शतकातली इंग्रजी भाषांतरं स्वामित्वहक्कातून मोकळी झालेली आहेत, नेटवर फुकट मिळतात. भाषा जुनाट आहे, पण त्यातलं वाक्य उचललं तर कुणी विचारणार नाही. नव्या भाषांतरांचं तसं नाही. ती वाचा, पण त्यातली वाक्यं आपल्या पुस्तिकेत उतरवू नका.

ग्रेटिर नावाच्या वीराच्या गाथेत नॉर्वेतल्या एका बेटावरचं टेकाड आहे. आत काउर नावाचा म्हातारा पुरलेला आहे आणि तो स्वस्थ पडत नाही. ग्रेटिर वरून खणतो, दोर सोडून आत उतरतो, अंधारात घोड्याची हाडं पायाला लागतात, वास सुटलेला असतो. धन गोळा करून वर निघताना मागून कुणीतरी गच्च धरतं. झोंबाझोंबी इतकी होते की वर दोर धरून बसलेला माणूस ‘हा मेलाच’ म्हणून पळून जातो. शेवटी ग्रेटिर त्या भुताचं मुंडकं उडवतो आणि त्याच्याच मांड्यांशी ठेवतो. ते परत उठू नये म्हणून.

हे मी फोनवर मावसबहिणीला सांगत होते. तिचं माहेर राजापूरकडचं. ती म्हणाली, “अगं, हा तर समंध! आमच्या आजोळी परसात हंडा होता म्हणे, त्यावर बसलेला.” नॉर्सवाले, म्हणजे वायकिंगांची भाषा बोलणारे, त्याला हाउगबुई म्हणतात, टेकाडात राहणारा. धनावर जीव अडकलेला मेलेला माणूस. मला त्यासाठी शब्द शोधावा लागला नाही. टेबलावर आम्ही शेवटपर्यंत त्याला समंधच म्हणालो.

पण अडचण वेगळीच होती. खरं टेकाड म्हणजे एकच खोली. खणा, उतरा, मारा, वर या, अर्ध्या तासात खेळ आटोपला. डंजनला वाटा लागतात, चुकायला जागा लागते. डिसेंबरचा पूर्ण दुसरा आठवडा याच्यात गेला.

वाट सापडली स्कॉटलंडजवळच्या ऑर्कनी बेटांवरच्या मेझहाऊमध्ये. हे थडगं वायकिंगांचं नाहीच. साधारण पाच हजार वर्षांपूर्वी अश्मयुगातल्या लोकांनी बांधलेलं. दहा मीटर लांब, वाकूनच जावं लागेल इतका बुटका बोळ, आत साडेचार मीटरची चौकोनी खोली आणि तिच्या तीन भिंतींत तीन कोनाड्यांएवढ्या कोठड्या. बाराव्या शतकात नॉर्स लोक तिथे फोडून शिरले आणि भिंतींवर तीसहून जास्त लेख कोरून गेले. ऑर्कनीच्या गाथेत तर असं आहे, की हिमवादळात तिथे आसरा घेतलेल्या टोळीतल्या दोघांना वेड लागलं. आणि लेख कसले? अमक्याने हे उंचावर कोरलं. इंगिगेर्द ही सर्वात सुंदर. इथलं धन आधीच कुणी नेलं. सिंहगडावर कोळशाने लिहिलेली नावं पाहून आपण चिडतो, तसंच बाराव्या शतकातल्या एखाद्या पुरातत्त्ववाल्याने डोकं धरलं असतं.

म्हणजे एका थडग्यात दोन काळ. खाली अनोळखी प्राचीन लोक, वर वायकिंग, आणि भिंतीवर आधी येऊन गेलेल्यांनी ठेवलेले खरेखोटे निरोप. खोल्या पाचच: बोळ, मुख्य खोली, तीन कोठड्या. टेकाडावर मी एक शेतघर ठेवलं. त्या घराकडे नंतर येते.

मेझहाऊची आणखी एक गंमत अशी, की डिसेंबरातल्या सर्वात लहान दिवसाच्या आसपास मावळतीचा सूर्य त्या बोळातून सरळ आत येऊन मागच्या भिंतीवर पडतो. हे डंजनमध्ये घालायचंच होतं: किरण भिंतीवर असेल तेवढाच वेळ एक कोठडी उघडेल. पण किरण सरकतो कसा, किती वेळ टिकतो, हे मला कागदावर उमगेना. शेवटी बुटांचं खोकं घेतलं. एका बाजूला चौकोनी भोक पाडलं, त्याला उदबत्तीच्या पुड्याची नळी चिकटवली, झाकणाला फट ठेवली आणि रात्री दिवे घालवून मोबाइलचा टॉर्च नळीसमोर धरून हळूहळू खाली नेऊ लागले. नळी जमिनीला समांतर धरली की उजेड नळीतच मरत होता. किंचित वर, दाराकडे तोंड करून चढती ठेवली, की मागच्या भिंतीवर रुपयाएवढा ठिपका पडायचा आणि टॉर्च बोटभर हलला तरी नाहीसा व्हायचा. नवरा पाणी प्यायला उठला होता. “काय चाललंय?” म्हणाला. “सूर्यास्त,” म्हणाले. तो परत झोपला. त्या ठिपक्यावरून मी नियम केला: सहा राउंड, म्हणजे खेळातली छत्तीस सेकंदं. खरा सूर्य एवढी घाई करत नाही, पण टेबलावर छत्तीस सेकंदांत जी पळापळ होते ती बघण्यासारखी असते.

जानेवारीत पहिली प्लेटेस्ट, म्हणजे छापण्याआधी खेळून बघणं. पार फसली. रूनलिपीचं कोडं मी फार हौसेने केलं होतं. त्या काळातल्या नॉर्स लिपीत, धाकट्या फुथार्कमध्ये, अक्षरं फक्त सोळा. त्यामुळे क आणि ग ला एकच खूण, त आणि द ला एकच, प आणि ब लाही तसंच. मला वाटलं, संदिग्धतेतून मजा येईल. दीड तास चौघं कागदावर डोकं घालून बसले आणि एक जण तर फोनवर क्रिकेटचा स्कोअर बघायला लागला. आमच्यातल्या एकीने मोडीचा वर्ग केलाय. ती म्हणाली, “मोडीतही ऱ्हस्व-दीर्घ कळत नाहीत, पण लोक संदर्भाने वाचतात. तू संदर्भच दिलेला नाहीस.” बरोबर होतं. घरी येणाऱ्यांना जेवायला वाढून नंतर चव विचारायची, तसं प्लेटेस्टचं. आणि उत्तर आलं की ऐकायचं. कोडं तीन ओळींवर आणलं. अर्थाच्या दोन शक्यता, दोन्ही खेळायला चालतील अशा.

फेब्रुवारीतली दुसरी बरी झाली. दोर धरणारा पळून जातो ती ग्रेटिरची युक्ती मी जशीच्या तशी वापरली होती आणि सगळे भाड्याच्या हमालावर इतके संतापले की पुढची वीस मिनिटं त्याला शोधण्यातच गेली. लढाई मात्र रटाळ झाली. समंधाला मी वाइट नावाच्या मॉन्स्टरचे आकडे दिले होते: एचपी (किती मार सोसेल) ४५, आर्मर क्लास (वार लागायला किती फासा पडावा) १४. चौघांनी त्याला कोपऱ्यात घेतलं आणि फासे टाकत बसले. मधेच कुणीतरी चिवडा मागितला. तेव्हाच कळलं की हे जमत नाहीये.

तिसरी मार्चमधल्या दुसऱ्या शनिवारी. आमचा एक भिडू आयत्या वेळी आला नाही. समोरच्या फ्लॅटमधले काका दूध मागायला आले होते. दिवाणी कोर्टातून बेलिफ म्हणून निवृत्त झालेले, वय सत्तरच्या पुढे. “बसू का मी?” म्हणाले. बसवलं. तयार पात्र हातात दिलं.

आता ते शेतघर. आइसलँडच्या पश्चिमेकडच्या फ्रोदा नावाच्या शेतावरची कथा एयरबिग्या गाथेत आहे. तिथे बुडून मेलेले लोक रोज संध्याकाळी ओलेचिंब घरात येतात, शेकोटीशी बसून कपडे पिळतात. मग पुरलेले येतात, अंगावरची माती झटकतात, एकमेकांवर उडवतात. घरातल्या जित्यांना शेकोटीच उरत नाही. आणि त्यांना हाकलतात कसं? तलवारीने नाही. दारात न्यायसभा भरवतात. एकेका भुताचं नाव घेऊन रीतसर आरोप ठेवतात, निवाडा देतात, आणि निवाडा झाला की ते भूत उठून एखादं वाक्य बोलून निघून जातं. एकाच्या वाक्याचा मथितार्थ असा, की बसता येत होतं तोवर बसलो. हे मला इतकं आवडलं होतं की मी ते डंजनमध्ये पर्यायी वाट म्हणून ठेवलं होतं. पहिल्या दोन्ही वेळा कुणाचं तिकडे लक्षही गेलं नाही. ओली भुतं दिसली की तलवारी बाहेर.

काकांनी फासा खाली ठेवला. “थांबा जरा. घर कुणाच्या नावावर आहे?”

“त्या मुलीच्या. बाप बुडाला, तोच तो शेकोटीशी बसलाय.”

“म्हणजे वारस ती. मग हे लोक कब्जा करून बसलेत. मारामारी कशाला? समन्स काढा.”

“काका, ते मेलेले आहेत.”

“मेलेला माणूस समन्स घेत नाही, ठीक आहे. मग दारावर डकवायचं. दोन पंच उभे करायचे. नाव पुकारायचं तीनदा.” आणि ते उठले, आमच्या हॉलच्या दाराला त्यांनी खरोखर स्टिकी नोट चिकटवली आणि कोर्टातल्या पट्टेवाल्याच्या आवाजात, कॉरिडॉरपर्यंत ऐकू जाईल असं, पहिल्या भुताचं नाव पुकारलं.

टेबलावर कुणी हसलं नाही. माझ्या अंगावर काटा आला.

नियमाप्रमाणे त्यांना अठराच्या वर फासा पडायला हवा होता. पडला सात. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी भुताला उठवलं, बाहेर घातलं आणि त्या रात्रीच तो नियम फाइलमधून काढला. आता न्यायसभेला फासाच नाही. नाव बरोबर हवं, आरोप बरोबर हवा, दोन साक्षीदार हवेत आणि दार उघडं हवं. नावं व आरोप मिळवायचे तर खालच्या थडग्यात उतरावं लागतं, भिंतीवरचे लेख वाचावे लागतात. म्हणजे आधी नुसतं सजावटीला असलेलं थडगं आता कामाचं झालं. चार महिने जे जुळत नव्हतं ते एका संध्याकाळी जुळलं, आणि ते मी जुळवलं नाही.

एप्रिलमध्ये कागदपत्रं. या खेळाचे मूळ नियम जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुले झाले, ‘एसआरडी ५.१’ या नावाने. त्यातले नियम आणि आकडे कुणीही वापरून विकू शकतो, फक्त खेळाच्या कंपनीने सांगितलेलं श्रेयाचं वाक्य जसंच्या तसं छापायचं. मुखपृष्ठावर खेळाचं नाव किंवा चिन्ह टाकायचं नाही. ‘फिफ्थ एडिशनशी (खेळाच्या पाचव्या आवृत्तीशी) जुळणारं’ असं म्हणता येतं. आणि नेमकं माझी मांडणी चालू असताना, एप्रिल २०२५ मध्ये, नव्या नियमांचं ५.२ आलं. बदलावं का? तीन दिवस घोळले. शेवटी ५.१ वरच राहिले, कारण माझ्या तिन्ही प्लेटेस्ट त्यावर झाल्या होत्या. तुम्ही आज सुरू करणार असाल तर नवंच घ्या. आणि मॉन्स्टर त्या दस्तऐवजात आहे का, हे एकेक तपासा. द्राउग, म्हणजे नॉर्स कथांतलं उठून फिरणारं मढं, त्यात नाही, म्हणून मी वाइटवरून माझा बेतला.

मुखपृष्ठ एका चित्रकाराकडून करून घेतलं, सात हजार रुपये, अर्धे आधी. चित्र सुंदर आलं. टेकाडाच्या दगडावर त्याने एक रून काढली होती, ओथाला. नेटवरच्या कुठल्याशा तक्त्यातून. ती जुन्या चोवीस अक्षरी फुथार्कमधली, म्हणजे माझ्या कथेच्या काळात वापरातून गेलेली. पण त्याहून वाईट म्हणजे हीच खूण नाझींच्या एका एसएस डिव्हिजनने वापरली होती आणि आजही तसले गट ती मिरवतात. परदेशातल्या वाचकाला पहिल्या नजरेत काय वाटलं असतं याची कल्पनाच नको. बदलून घ्यायला अकरा दिवस आणि वरचे पाचशे गेले. चूक निम्मी माझी. कोणत्या रून चालतील ते मी लिहून द्यायला हवं होतं.

मॅप मी आलेखवहीवर हाताने काढला, एक चौकोन म्हणजे पाच फूट. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे तीनशे डीपीआयला स्कॅन केला, साठ रुपये. मांडणी फुकटातल्या सॉफ्टवेअरवर. फॉन्ट घेताना परवाना वाचा. ‘वैयक्तिक वापरासाठी फुकट’ म्हणजे विकायच्या पुस्तिकेला चालत नाही.

मे आणि जून पैशांच्या कागदांत गेले आणि हा भाग कुणी मला आधी सांगितला असता तर बरं झालं असतं. पुस्तिका इंग्रजीत, विकायची परदेशी संकेतस्थळावर. ते अमेरिकी करासाठी डब्ल्यू-८बेन नावाचा फॉर्म भरून घेतात. नाही भरला तर अमेरिकेतल्या विक्रीवर तीस टक्के कापले जाऊ शकतात. भारत-अमेरिका करारात रॉयल्टीवर पंधरा टक्के आहेत, पण ते आपण फॉर्ममध्ये स्वतः मागावे लागतात. परदेशी कर क्रमांकाच्या रकान्यात पॅन टाकायचा. फॉर्म सही केलेल्या वर्षानंतरच्या तिसऱ्या वर्षाअखेरपर्यंत चालतो, मग पुन्हा.

माझा दोनदा परत आला. कारण काय, तर नाव जुळत नाही. पॅनवर माझं नाव, वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव. बँकेत माझं नाव, नवऱ्याच्या नावाचं आद्याक्षर, सासरचं आडनाव. पैसे परदेशातून आणून देणाऱ्या सेवेत मी नुसतंच नाव-आडनाव लिहिलं होतं. तीन ठिकाणी तीन बायका. बँकेत गेले. खिडकीवरच्या मॅडम म्हणाल्या, “विवाह प्रमाणपत्र आणलंय?” नव्हतं. दुसऱ्या दिवशी आणलं. “झेरॉक्सवर सही करा. नाही, पूर्ण सही.” मग सात दिवस. मग पैसे कशाचे येणार त्याचा पर्पज कोड विचारला, तो मला माहीत नव्हता, त्यांनाही लगेच सापडला नाही. एकूण पाच आठवडे. लग्न झालेल्या बायकांनो, पहिल्या खोलीचा नकाशा काढण्याआधी पॅन आणि बँकेचं नाव एक करून घ्या.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात पीडीएफ चढली. किंमत चार डॉलर. ते संकेतस्थळ पस्तीस टक्के ठेवतं. आतापर्यंत एकतीस प्रती गेल्या, हातात पाच हजार आठशेच्या आसपास आले. खर्च मुखपृष्ठाचे साडेसात हजार, स्कॅनचे साठ आणि पुस्तिकांचे चौदाशे चाळीस. एका वाचकाने कळवलं की त्याच्या टेबलावर भुतांनी उलटा दावा ठोकला. ते वाचून मी दिवसभर हवेत होते.

छापील प्रती आमच्या हौसेच्या. अप्पा बळवंत चौकाजवळच्या गल्लीत, ए-फाइव्ह, आत काळं-पांढरं, अठ्ठेचाळीस रुपये प्रत. पिनांची पुस्तिका असेल तर पानं चारच्या पटीत हवीत. माझी बावीस होत होती. छापखानेवाले म्हणाले, “दोन कोरी सोडू का?” त्या दोन पानांवर मी वाघ-बकरीसारखा एक नॉर्स खेळ घातला, नेफाताफ्ल: मधे राजा, भोवती त्याची थोडी माणसं, चारी कडांना दुप्पट शत्रू. नियमांच्या बारकाव्यांवर एकमत नाही म्हणून आमच्या घरचे नियम छापले.

पहिली प्रत काकांना दिली. श्रेयनामावलीत ‘न्यायसभेची कल्पना: समोरचे काका’ असं आहे. चष्मा लावून त्यांनी ते पान वाचलं, मग सोळावं पान उघडलं आणि खिशातली पेन्सिल काढली.

“समन्स डकवल्याचा शेरा कुठाय? तारीख, वेळ, कुणासमोर डकवलं. तो नसेल तर बजावणी धरत नाहीत.”

काल रात्री दुरुस्त आवृत्ती चढवली. उरलेल्या एकोणतीस प्रतींत मात्र तो शेरा मी हातानेच लिहितेय.